पाच रुपयांचं अंडं आणि केळ्याचा न्याय: शाळेतलं जेवण शाकाहारीच असावं का?

जानेवारी २०२५ च्या अखेरीस महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागानं एक शासन निर्णय काढला. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या अंड्यासाठी सरकार यापुढे वेगळा पैसा देणार नाही. नाचणीसत्त्वात घालायच्या साखरेसाठीही नाही. द्यायचंच असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावं. यातून वर्षाला सुमारे ५० कोटी रुपये वाचतील अशा बातम्या आल्या आणि व्हॉट्सॲपवर नेहमीची जुंपली. एक बाजू म्हणे संस्कृती वाचली, दुसरी म्हणे गरिबाच्या पोराच्या तोंडचा घास काढला.

आठवडाभरात वाद विरला. प्रश्न मात्र आहे तिथंच आहे. सरकारी पैशानं शाळेत जे जेवण मिळतं, ते शाकाहारीच असावं का? माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण त्या 'नाही'ला बऱ्याच अटी आहेत आणि त्यातल्या काही अंड्याच्या समर्थकांनाही रुचणार नाहीत. म्हणून मुळापासून बघू.

## आज ताटात काय असतं?

योजनेचं आजचं सरकारी नाव 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण'. २०२१ पर्यंत ती मध्यान्ह भोजन योजना होती. शिक्षक तिला 'शापोआ' म्हणतात, म्हणजे शालेय पोषण आहार. पोरं आणि त्यांच्या आया सरळ 'शाळेतली खिचडी' म्हणतात.

१५ ऑगस्ट १९९५ ला ती देशभर सुरू झाली तेव्हा बहुतेक राज्यांत शिजवलेलं अन्न मिळतच नव्हतं. महिन्याला ८० टक्के हजेरी भरली की तीन किलो धान्य घरी न्यायचं. मग २००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ, लोक उपाशी आणि सरकारी गोदामं धान्यानं ओसंडून वाहताहेत असं चित्र होतं. तेव्हा पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयानं आदेश दिला की मुलांना शाळेतच शिजवलेलं, गरम जेवण द्या. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानं हे जेवण मुलांचा हक्क ठरवलं.

पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत असा नियम आहे. सहावी ते आठवीला हेच प्रमाण दीडपट: १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल, उद्दिष्ट ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. त्यात मटण नाही, चिकन नाही, मासळी नाही, अंडंही नाही. म्हणजे हे जेवण आजही शाकाहारीच आहे. पश्चिम बंगालनं २०२३ च्या सुरुवातीला चार महिन्यांसाठी ताटात चिकन वाढलं होतं, पण महाराष्ट्रात तसा विचारही कुणी बोलून दाखवलेला नाही. आपल्याकडचं सगळं रामायण आठवड्यातल्या एका उकडलेल्या अंड्यावरून चाललंय. वादाचा आकार आणि वस्तूचा आकार यांचा मेळ बसत नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो.

## बारा ग्रॅमचं गणित

आता कागदपेन्सिल घ्या. १०० ग्रॅम तांदळात साधारण ८ ग्रॅम प्रथिनं असतात. २० ग्रॅम तूरडाळीत सव्वाचार. बेरीज १२ च्या जरा वर. नियम पूर्ण झाला, रजिस्टरमध्ये टिकमार्क झाला.

पण या १२ ग्रॅमपैकी दोन तृतीयांश तांदळाची आहेत, आणि घोळ तिथंच आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ही आम्लं वीस प्रकारची असतात. त्यातली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. तांदळात त्यातलं लायसिन नावाचं आम्ल कमी असतं. एक जरी आम्ल कमी पडलं तरी शरीराचं बांधकाम तिथंच अडतं. पुरणपोळीचं बघा ना. कणीक परातभर मळून ठेवली, पण पुरण वाटीभरच निघालं. पुरण संपलं की पुरणपोळ्या थांबल्या. उरलेल्या कणकेच्या साध्या पोळ्याच होणार. तसंच लायसिन संपलं की बाकीची आम्लं नुसतं इंधन म्हणून जाळली जातात. त्यांचं हाड, स्नायू, रक्त होत नाही.

डाळीत लायसिन भरपूर असतं. म्हणून वरणभात, खिचडी, मटकीची उसळ आणि भाकरी या जोड्या शहाण्या आहेत आणि शाकाहारातून उत्तम प्रथिनं मिळूच शकत नाहीत हे म्हणणं साफ चूक आहे. अट एवढीच की डाळ पुरेशी हवी. धान्याच्या पाचव्या हिश्शाइतकी डाळ, तीही प्रत्यक्षात पातेल्यात पडेपर्यंत किती उरते हा वेगळाच विषय, म्हणजे पुरण कमीच.

दुसरी अडचण बी-१२ या जीवनसत्त्वाची. रक्त आणि मज्जातंतूंसाठी ते लागतं, आणि ते वनस्पतींमध्ये नसतं. डाळीत नाही, पालेभाजीत नाही, केळ्यात नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. घरोघरी जे शाकाहारी लोक पिढ्यान्‌पिढ्या धडधाकट राहिले ते दूधदुभत्याच्या जोरावर. शाळेच्या रोजच्या खिचडीत दूध नाही. म्हणजे आपण मुलांना जे वाढतो तो आजीच्या घरचा शाकाहार नाहीच; त्यातलं दूध, दही, तूप काढून उरलेला तो सांगाडा आहे.

आणि ही मुलं कोणत्या अवस्थेत शाळेत येतात? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली, ३६ टक्क्यांचं वजन कमी होतं आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या सुमारे ६९ टक्के मुलांत रक्त कमी होतं. हीच मुलं पुढे पहिलीच्या वर्गात बसतात.

## अंडं काय देतं, काय देत नाही

एका मध्यम अंड्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिनं आणि ७० कॅलरी मिळतात. नऊच्या नऊ आवश्यक आम्लं योग्य प्रमाणात असतात. बी-१२ अर्धा मायक्रोग्रॅमच्या आसपास, शिवाय अ आणि ड जीवनसत्त्व. क जीवनसत्त्व शून्य. लोह आहे, पण शरीराला त्यातलं फार थोडं वापरता येतं, तेव्हा रक्त वाढवायला अंडं हा उपाय नव्हे.

एक गुण पोषणाच्या तक्त्यात दिसत नाही, पण शाळेच्या स्वयंपाकघरात त्याला फार मोल आहे. डाळीत पाणी ओतून ती शंभर मुलांची दीडशे मुलांना पुरवता येते. अंड्यात पाणी ओतता येत नाही. एक मूल, एक अंडं. मोजायला पहिलीतलं पोरगंही पुरे. वर सालासकट उकडल्यावर त्यात पाल पडायची भीती नाही, भेसळीची नाही. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन २३ मुलं गेली, त्यानंतर तरी हा मुद्दा किरकोळ म्हणता येणार नाही.

आता समर्थकांना न आवडणारा भाग. महाराष्ट्राची योजना वर्षाला २३ अंड्यांची होती. २३ गुणिले ६, म्हणजे १३८ ग्रॅम प्रथिनं. खिचडीतून वर्षाच्या दोनशे दिवसांत २४०० ग्रॅम मिळायला हवीत. अंड्यानं त्यात सहा टक्क्यांच्या आसपास भर घातली असती. एवढ्यानं कुपोषण हटत नाही.

रोज एक अंडं दिलं तर काय होतं, याचे मोठे प्रयोग झाले आहेत. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं, तेव्हा खुजेपणाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यानं घटलं. २०१७ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर जगभर अंड्याचा जयजयकार झाला. मग तसाच प्रयोग आफ्रिकेतल्या मलावीत झाला आणि उंचीत काहीच फरक दिसला नाही. तिथली बाळं आधीपासूनच मासे खात होती. म्हणजे ज्याच्या ताटात काहीच नाही त्याला अंडं खूप देतं, ज्याच्या ताटात आधीच काही आहे त्याला कमी. आपल्या शेजारी कर्नाटकात यादगीर जिल्ह्यातल्या अंडी मिळणाऱ्या मुलांची आणि गदगमधल्या न मिळणाऱ्या मुलांची तुलना गदगच्या ग्रामविकास विद्यापीठानं केली, तेव्हा यादगीरच्या मुलांचं वजन जास्त वाढलेलं दिसलं. दोन वेगळ्या जिल्ह्यांची ही तुलना आहे, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकू नये. पण दिशा कळते.

## महाराष्ट्रात नेमकं काय घडलं?

नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं ठरवलं की २३ आठवडे, आठवड्यातून एकदा, बुधवारी किंवा शुक्रवारी, उकडलेलं अंडं किंवा अंडा पुलाव द्यायचा. न खाणाऱ्यांना केळं किंवा स्थानिक फळ. अंड्यामागे पाच रुपये. वार असे का, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा किंवा गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवारी शाळा नसते. अधिकाऱ्यांनी हा हिशेब केलाच असणार असा माझा अंदाज आहे, आणि केला असेल तर त्यांना दाद द्यायला हवी.

कारण महाराष्ट्रात 'खाणारे' आणि 'न खाणारे' असे दोन सरळ गट नाहीतच. एकाच घरात आई माळकरी, बाप खाणारा, थोरली मुलगी फक्त अंडं खाणारी आणि श्रावणात सगळेच बंद. २०१४ च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात राज्यातल्या पंधरा वर्षांवरच्या सुमारे ४० टक्के लोकांनी आपण शाकाहारी असल्याचं सांगितलं होतं. तमिळनाडूत हे प्रमाण अडीच टक्क्यांच्याही आत, राजस्थानात ७५ च्या घरात. आपण मधोमध. म्हणून 'तमिळनाडूला जमलं मग आपल्याला का नाही' हा सवाल जितका सोपा वाटतो तितका नाही.

काही धार्मिक संघटनांनी विरोध केल्यावर जानेवारी २०२४ मध्ये दोन सुधारणा आल्या. पहिली, ज्या शाळेत ४० टक्के पालकांचा अंड्याला विरोध असेल तिथं कुणालाच अंडं न देता सगळ्यांना फळ द्यायचं. दुसरी, मूल अंडं खातं की नाही हे कळावं म्हणून त्याच्या ओळखपत्रावर लाल किंवा हिरवा ठिपका. त्यानंतर एका वर्षानं पैसेच बंद.

## "आमच्या मुलांवर बळजबरी कशाला?"

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत लवकर निकालात निघतो. बळजबरी कुठल्याच राज्यात नाही. तमिळनाडूत १९८९ पासून शाळेत अंडी मिळतात, आज आठवड्याला पाच, आणि न खाणाऱ्यांना केळं. कर्नाटकात डिसेंबर २०२१ मध्ये बिदर, कलबुर्गी, यादगीर अशा आपल्या सोलापूर-लातूरच्या सीमेपलीकडच्या भागात योजना सुरू झाली तेव्हा अनेक मठाधिपतींनी आंदोलनाचा इशारा दिला होता. सरकारनं अंडं, केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की असा पर्याय ठेवला. पुढे योजना राज्यभर गेली, आणि सप्टेंबर २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीनं आठवड्याचे सहाही दिवस अंडी मिळू लागली. बहुसंख्य मुलं अंडंच घेतात.

उलट बळजबरीचा प्रश्न विचारायचाच तर त्या ४० टक्क्यांच्या अटीला विचारावा लागेल. शाळेत शंभर पोरं आहेत, चाळीस घरांचा विरोध आहे. त्यांच्या ताटात अंडं पडणारच नव्हतं. तरी उरलेल्या साठांच्या ताटातलंही काढून घ्यायचं. दुसऱ्याच्या ताटावर नकाराधिकार मिळण्यासाठी बहुमतही लागू नये, हे जरा फारच झालं.

## "पण भांडी एक, चूल एक, पंगत एक. विटाळतं त्याचं काय?"

हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. ज्या घरात अंड्याचा वासही चालत नाही, त्या घरातल्या आठ वर्षांच्या मुलीला शेजारी बसून जेवताना खरंच मळमळू शकतं. खिचडीच्याच पातेल्यात अंडा पुलाव करणं तिच्यावर अन्याय आहे. यावर उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे: पुलाव-बिर्याणीच्या फंदात न पडता अंडं वेगळ्या पातेल्यात सालासकट उकडायचं आणि जेवणाच्या शेवटी हातात द्यायचं.

पण इथून पुढे युक्तिवाद एक नाजूक वळण घेतो. काही जण म्हणतात, भेदाभेद नको म्हणूनच सगळ्यांना एकच जेवण द्या, आणि जे सगळ्यांना चालतं ते शाकाहारीच असतं. शाकाहारी जेवणाच्या बाजूचा हा सर्वांत दमदार मुद्दा आहे. मांस खाणारा वरणभात खातो. वरणभात खाणारा मांस खात नाही. फ्रान्समधल्या लियों शहरात फेब्रुवारी २०२१ मध्ये नेमकं हेच झालं. करोनाच्या काळात रांगा लवकर हलाव्यात म्हणून महापौरांनी शाळांत सर्वांना चालेल असं एकच बिनमांसाचं जेवण सुरू केलं. केंद्रातले मंत्री संतापले, शेतकरी ट्रॅक्टर आणि गाई घेऊन महापालिकेवर धडकले. आपल्याकडच्या वादाचं तिथं पार उलटं रूप. फक्त एक तपशील ध्यानात घ्या: लियोंच्या त्या 'सर्वांना चालणाऱ्या' जेवणात अंडी आणि मासे होते. त्या मुलांच्या ताटातून मांस गेलं तरी बी-१२ गेलं नाही.

म्हणजे 'सर्वांना एकच शाकाहारी जेवण' हे तत्त्व मला मान्य व्हायला हरकत नाही. ते जेवण पूर्ण असलं पाहिजे, एवढंच. अपुरं जेवण सर्वांना समान वाटणं ही समतेची फारच स्वस्त व्याख्या झाली.

आणि ठिपक्याबद्दल. वाटपात चूक होऊ नये हा हेतू असेलही. पण आपल्या समाजात कोण काय खातं यावरून कोण कुठला हे ओळखायची जुनी खोड आहे. उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत २०२१ मध्ये दलित स्वयंपाकीण नेमली म्हणून सवर्ण मुलांनी जेवणावर बहिष्कार टाकला होता. अशा देशात पोराच्या गळ्यात लाल-हिरवा ठिपका अडकवताना हात थरथरायला हवा होता. गावच्या शाळेत कोण अंडं खातं हे स्वयंपाक करणाऱ्या बाईंना तसंही पाठ असतं.

## "न खाणाऱ्याला केळं देतोच की"

आता माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. अंड्याला पर्याय म्हणून केळं देण्यात काय न्याय आहे? केळ्यात १ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, बी-१२ अजिबात नाही. साखर आणि पोटॅशियम आहे, पोट भरतं, पोरांना आवडतं, सोलून खाता येतं, मुख्याध्यापकांना सोयीचं. पण अंड्याची जागा ते घेऊ शकत नाही. शाकाहारी मुलाला आपण चक्क फसवतो, आणि गंमत म्हणजे शाकाहारासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या कुठल्याच संघटनेनं 'आमच्या मुलांना केळ्यावर का बोळवता' असा मोर्चा काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

खरे पर्याय आहेत, आणि ते आपल्याच मातीतले आहेत. कर्नाटक २०१३ पासून 'क्षीरभाग्य' योजनेत मुलांना १५० मिलिलिटर दूध देतं. तेवढ्यात जवळजवळ ५ ग्रॅम प्रथिनं आणि बी-१२ दोन्ही येतं. महाराष्ट्रात दर दोन-चार वर्षांनी भाव पडला म्हणून दूध रस्त्यावर ओतलं जातं. त्याच राज्यात रोजच्या शालेय आहारात दूध नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. सोयाबीनच्या वड्यांत निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात आणि सोयाबीन लातूर-वाशीमला पिकतं. मूठभर शेंगदाणे, फुटाणे, मोड आलेली मटकी यांनी प्रथिनांची बाजू सांभाळता येते. बी-१२ साठी मात्र दूध किंवा दहीच हवं.

म्हणून शाकाहारी शाळाजेवणाच्या समर्थकांना माझं एकच सांगणं आहे. अंडं नको म्हणा, तो तुमचा हक्क आहे. पण त्याच दमात दूध द्या म्हणा.

## "कोंबड्यांचं काय?"

प्राणिप्रेमींचा हा आक्षेप धर्मावर उभा नाही आणि त्यात तथ्य आहे. पिंजरा पद्धतीच्या पोल्ट्रीत एका कोंबडीच्या वाट्याला ए-फोर आकाराच्या कागदापेक्षाही कमी जागा येते. ज्याला हे बघवत नाही त्यानं अंडं सोडावं, त्याबद्दल आदरच वाटतो. पण बाजारात, हॉटेलात, बेकरीत अंडी खपत असताना त्या कोंबडीची भरपाई जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरानं करावी, हा क्रम मला पटत नाही.

## कोर्ट काय म्हणतं?

थोडक्यात, कोर्ट यात पडत नाही. २०२१ मध्ये लक्षद्वीप प्रशासनानं शाळेच्या जेवणातून चिकन आणि इतर मांस काढलं. अंडी आणि मासे ठेवले. केरळ उच्च न्यायालयानं आधी स्थगिती दिली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं याचिका फेटाळली. मुलांनी काय खावं हे धोरण ठरवणाऱ्यांचं काम आहे, न्यायाधीशांचं नाही, असा त्याचा आशय. कायदा कॅलरी आणि प्रथिनांचे आकडे सांगतो. ते कशातून भरायचे हे राज्यांवर सोडलंय. म्हणून हा प्रश्न शेवटी विधानसभेत आणि अर्थसंकल्पातच सुटेल किंवा अडकेल.

## मग पैसे कुणी द्यायचे?

मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे डाळ, भाजी, तेल, मसाले आणि इंधन मिळून दिवसाला ६ रुपये ७८ पैसे असा दर आहे. सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. केंद्र आणि राज्य तो ६०:४० वाटून घेतात, धान्य वेगळं मिळतं. हिवाळ्यात किरकोळ बाजारात अंडं सात-आठ रुपयांना जातं. म्हणजे एका अंड्याची किंमत लहान मुलाच्या पूर्ण दिवसाच्या डाळ-भाजी-तेलाएवढी. पाच रुपयांत अंडं आणायला सांगितलेल्या मुख्याध्यापकांनी वरचे दोन-तीन रुपये कुठून काढले असतील, याची कल्पना करता येते. तेव्हा पैशाची अडचण खोटी नाही.

पण २३ अंडी गुणिले पाच रुपये म्हणजे वर्षाला मुलामागे ११५ रुपये. एवढ्या रकमेसाठी 'लोकसहभाग' सुचवला गेला. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्याच्या गावात लोकसहभाग होतो. कुणी वाढदिवसाला स्नेहभोजन घालतं, पतसंस्था देणगी देते, माजी विद्यार्थी मंडळ आहे. मेळघाटातल्या किंवा अक्कलकुव्यातल्या पाड्यावर लोकसहभाग कुणी करायचा? तिथले लोक वर्षातले काही महिने कामासाठी परगावी असतात. जिथं गरज कमी तिथं अंडं मिळणार आणि जिथं जास्त तिथं नाही, असाच या रचनेचा हिशेब निघतो.

याच राज्यात आदिवासी भागांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. तिच्यात सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत महिन्यातून १६ दिवस अंडं किंवा केळं देण्याची तरतूद झाली. तिथं संस्कृती आड आली नाही, पैसाही निघाला. तेच मूल अंगणवाडी सोडून शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीत गेलं की दोन्ही अडचणी एकदम उभ्या राहतात. याचं उत्तर दोन्ही खात्यांनी एकत्र बसून द्यायला हवं.

तोवर निर्णय शाळा व्यवस्थापन समितीच्या हातात आहे, आणि शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात. पुढच्या सभेत चव रजिस्टर, म्हणजे जेवण आधी चाखून नोंद करायची वही, मागवा, आठवडाभरात डाळ किती शिजली ते विचारा, आणि केळ्याच्या जागी फुटाणे-शेंगदाणे व वाटीभर दही ठेवायला किती खर्च येईल याचा हिशेब मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या.